स्नायूंची शाळा

गेल्या जून महिन्यांत एका सायंकाळीं आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आपल्या वडिलांस घेऊन माझ्या घरीं आली. मुलगी बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेली होती. परंतु दोघांचेहि चेहरे उतरलेले होते. चहा पुढें आला, तरी कोणी कपास हात लावीना. अखेर वडील म्हणाले, “सर, तुम्हीं हिला दोन शब्द सांगा. डॉक्टरीला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहींत. एक वर्ष थांब, पुन्हां परीक्षेला बस, असें मी म्हणतों; तर ही म्हणते, मला फिजिओथेरपीच शिकावयाची आहे. लोकांचे हातपाय चोळण्यासाठीं का आम्हीं हिला एवढें शिकविलें?” मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

त्या वेळचें माझें उत्तर तुटक होतें. घाईंत दिलेलीं उत्तरें बहुधा तशींच असतात. ज्यांच्या घरांत हाच प्रश्न उद्यां उभा राहणार आहे असे पुष्कळ पालक हें वार्षिक वाचतील, म्हणून तेंच उत्तर आतां सवडीनें लिहीत आहें. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ह्या व्यवसायांत जें समाधान आहे तें रोग्याचें व उपचारकाचें वेगवेगळें नसतें. तें एकाच कष्टांतून दोघांसहि मिळतें, आणि असे व्यवसाय जगांत फार थोडे आहेत.

फिजिओथेरपीला आपल्या भाषेंत भौतिकोपचार हें नांव रूढ झालें आहे. मला स्वतःला व्यायामोपचार हा शब्द अधिक बोलका वाटतो. कारण ह्या विद्येंत शेकणें, मर्दन, विजेचे उपचार इत्यादि प्रकार असले, तरी तिचा गाभा म्हणजे रोग्याकडून करवून घेतलेली हालचाल. स्वीडन देशांत स्टॉकहोम येथें पेर हेन्रिक लिंग ह्यांनीं १८१३ सालीं व्यायामविद्येची जी संस्था काढली, तेथून ह्या विद्येच्या शास्त्रीय शिक्षणाचा उगम सांगतात. पुढें १८९४ सालीं इंग्लंडांत चार परिचारिकांनीं मिळून आपल्या व्यवसायाची संघटना स्थापिली. मर्दनाचें काम म्हणजे हलकें काम, किंबहुना संशयास्पद काम, असा जो ग्रह त्या काळीं पसरला होता, त्यापासून प्रामाणिक काम करणाऱ्या स्त्रियांची अब्रू राखावी हा त्यांचा मोठा हेतु होता. तेव्हां माझ्या घरीं आलेल्या गृहस्थांची शंका कांहीं नवी नव्हे. ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिला उत्तरहि तितक्याच पूर्वीं दिलें गेलें आहे.

ह्या विद्येशीं माझी स्वतःची ओळख पुस्तकांतून झाली नाहीं. ती एका ओल्या पायरीनें करून दिली. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत पाय घसरून मी पडलों आणि उजवें कोपर मोडलें. प्लास्टर निघालें त्या दिवशीं मला वाटलें कीं दुखणें संपलें. वस्तुतः तें त्या दिवशीं सुरू झालें. कोपर काटकोनांत अडकून बसलेलें. तें सरळहि होईना आणि मिटेहि ना. जेवावयास बसावें तर घांस तोंडापर्यंत पोंचत नसे. सदऱ्याचें गळ्याजवळचें बटन लागत नसे. वर्गांत फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाशीं माझा संबंधच सुटला. चाळिशी उलटलेल्या माणसास पत्नीच्या हातून घांस घ्यावा लागणें ही गोष्ट सांगावयास सोपी आहे, सोसावयास नाहीं.

येणाऱ्याजाणाऱ्यांनीं सल्ले दिले. एक वडीलधारे नातलग तर तेलाची बाटली घेऊनच आले. दोघांनीं धरून एकदां जोरानें ओढलें कीं सांधा मोकळा होतो, असें त्यांचें मत होतें. सुदैवानें दुसऱ्याच दिवशीं मी इस्पितळांतील व्यायामोपचाराच्या खोलींत गेलों. तेथील बाईंनीं प्रथम काय केलें असेल, तर त्या तेलाच्या बाटलीस मनाई! कोपराच्या दुखापतीनंतर तो भाग जोरानें चोळला किंवा बळानें ताणला, तर दुखावलेल्या स्नायूंत नवें हाड धरूं लागण्याची भीति असते, आणि मग सांधा अधिकच आखडतो, हें त्यांनीं मला चित्र काढून समजाविलें. म्हणजे ज्याला आपण चोळणें म्हणून हिणवितों, तें कोठें करूं नये ह्याचें ज्ञान हाच त्यांच्या विद्येचा मला मिळालेला पहिला धडा.

मग त्यांनीं एक कोनमापक काढला. तुमच्या कंपासपेटींत असतो तसाच. फक्त त्याला दोन लांब पट्ट्या जोडलेल्या. एक पट्टी दंडावर, दुसरी मनगटाच्या दिशेनें, आणि मधला आंकडा वहींत. नंतर अभ्यास नेमून दिला: कोमट पाण्यांत हात बुडवून बसावें, मग आपल्याच बळानें कोपर जितकें वळेल तितकें वळवावें, जितकें सुटेल तितकें सोडावें, दहा दहा वेळां, दिवसांतून चार वेळां. पांचवीच्या मुलांस पाढे घोकावयास लावतों, त्याहून ह्यांत निराळें कांहीं नव्हतें. आणि पांचवीच्या मुलाप्रमाणेंच मीहि पहिल्या आठवड्यांत अभ्यास चुकविला, आणि विचारल्यावर केला म्हणून सांगितलें. कोनमापकानें मला उघडें पाडलें. बाई रागावल्या नाहींत. त्यांनीं आंकडा लिहिला आणि वही माझ्याकडे फिरविली. पंचवीस वर्षें मुलांच्या वह्या तपासणाऱ्यास आपली वही कोणी तपासली म्हणजे काय वाटतें, तें त्या दिवशीं कळलें.

एखाद्या आठवड्यांत पांच अंश मिळत, एखाद्यांत दोन. एक आठवडा कोराच गेला. दुखत असे, कंटाळा येई, आणि सर्वांत वाईट म्हणजे आजचा हात कालच्याहून निराळा दिसतच नसे. निराळी दिसे ती फक्त वहींतील ओळ. अकराव्या आठवड्यांत एका रात्रीं वरणभाताचा घांस माझ्याच हातानें माझ्या तोंडांत गेला. दुसऱ्या दिवशीं मीं हें बाईंस सांगितलें. बाहेर बांकावर रोग्यांची रांग लागलेली होती. तरी त्या उठल्या, खोलींतील गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या एक आजीबाई व पाय मोडलेला एक रिक्षावाला ह्यांस हांक मारून म्हणाल्या, “सरांचा हात बघा.” मला तेथें रिकाम्या हातानें जेवून दाखवावें लागलें. आजीबाईंनीं टाळ्या वाजविल्या. बाईंचा चेहरा मीं पाहिला. महिन्याच्या पगारानें तसा चेहरा होत नाहीं. माझा हात अजूनहि पूर्ण सरळ होत नाहीं. दहाबारा अंशांची उणीव कायमची राहिली आहे. फळ्यावर तारीख मात्र मी पुन्हां वरच्या कोपऱ्यांत लिहितों.

हाड बसविणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलों नाहीं. पण शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर रोग्यास निजलेला पाहतो. व्यायामोपचारक त्याला जागा पाहतो, आणि तोहि महिनोन्महिने, चिडलेला, रडवेला, खोटें बोलणारा, अधूनमधून हंसणारा असा. ह्या जाग्या माणसाच्या सहकार्यावांचून त्याची विद्या लंगडी आहे. गोळी पोटांत गेली म्हणजे रोग्याची इच्छा असो वा नसो, ती आपलें काम करते. बोट दुसऱ्यानें हलवून सैल करतां येतें. पण त्यांत बळ यावयास तें ज्याचें त्यानेंच हलवावें लागतें. शुभवर्तमानांतील हात वाळलेल्या मनुष्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों. त्याला हात पुढें करावयास सांगितलें, आणि तो हात त्यानें स्वतः पुढें केला, ही गोष्ट माझ्या लक्षांत कोपर मोडेपर्यंत आली नव्हती.

एका कोपराची ही कहाणी किरकोळ आहे. हेंच काम किती मोठें होऊं शकतें तें पाहावयाचें असेल, तर तामिळनाडूंतील वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाचा इतिहास पाहावा. १९४६ सालीं डॉ. पॉल ब्रँड हे तरुण इंग्रज शस्त्रवैद्य तेथें आले. मिशनरी आईबापांचे हे पुत्र. त्यांचा जन्म १९१४ सालीं तामिळ मुलखांतीलच कोल्ली टेंकड्यांत झालेला होता. त्यांचें लक्ष कुष्ठरोग्यांच्या हातांकडे वेधलें. कोपराच्या आंतल्या बाजूस ज्या ठिकाणीं आपटलें असतां बोटांपर्यंत झिणझिण्या जातात, तेथून एक मज्जातंतु हातांत उतरतो. कुष्ठरोगाचे जंतु त्याला निकामी करतात. मग पंज्यांतील लहान स्नायु लुळे पडतात, बोटें पक्ष्याच्या पंज्याप्रमाणें आंत वळतात आणि वेदनेची जाणीव नाहींशी होते. अशा रोग्याचीं बोटें आपोआप झडतात असाच तेव्हां सार्वत्रिक समज होता. ब्रँड ह्यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें रोगानें आपोआप झडत नसून, वेदना कळत नसल्यामुळें भाजून, कापून, चिघळून तीं नष्ट होतात. आणि कोपराखालचे पुष्कळसे मोठे स्नायु शाबूत राहतात.

ह्या शाबूत स्नायूंपैकीं एकाची कंडरा, म्हणजे स्नायूस हाडाशीं बांधणारी दोरी, काढून ती लुळ्या पडलेल्या भागास जोडावयाची, अशी त्यांची शस्त्रक्रिया होती. हें काम कौशल्याचें खरें. पण ह्याच्या आधीं आणि ह्याच्या नंतर काय लागतें तें पाहा. आखडलेलीं बोटें शस्त्रक्रियेपूर्वीं कित्येक आठवडे थोडीं थोडीं सैल करून घ्यावीं लागतात. ताठ सांध्यावर कोणतीहि दोरी चालत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर सुमारें तीन आठवड्यांनीं प्लास्टर निघतें, आणि मग खरी शाळा भरते. समजा, अनामिकेची एक कंडरा अंगठ्यास जोडली आहे. मेंदूस ह्या बदलीची वार्ताहि नसते! रोग्यास अंगठा हलव म्हटलें तर कांहींच होत नाहीं. उपचारक त्याला सांगतो, अनामिका वांकव. तो अनामिका वांकवूं पाहतो, आणि अंगठा हलतो. रोगी चकित होऊन स्वतःच्याच हाताकडे पाहत राहतो. मग शेंकडों वेळां तीच आज्ञा, तोच प्रयत्न. होतां होतां एक दिवस असा येतो कीं अनामिकेची आठवण न होतां अंगठा आपला आपण पेला उचलतो. स्नायूस नवा धंदा शिकवावयाचा म्हणजे मेंदूस शिकवावयाचें, आणि तें एका दिवसांत होत नाहीं, हें आम्हां मास्तरांस निराळें सांगावयास नको.

वेलोरच्या ह्या कामांत एक विलक्षण अडचण उभी राहिली. हात सुधारलेला एक रोगी परत येऊन ब्रँड ह्यांजकडे कुरकुरूं लागला कीं, हे हात भीक मागण्यास वाईट आहेत. वांकड्या बोटांकडे पाहून लोक पैसा टाकीत. सरळ बोटांस कोणी भीक घालीना, आणि रोगाच्या डागामुळें कोणी कामहि देईना. तेव्हां कॉलेजच्या आवारांतच एक लहानशी वसाहत काढून अशा लोकांस सुतारकाम व लांकडी खेळणीं करणें शिकविण्यांत आलें. रंधा धरणें हाच तेथें बोटांचा व्यायाम झाला. बरें होणें म्हणजे आपल्या हातानें पोट भरणें, इतका अर्थ त्या शब्दांत आहे, हें ज्या उपचारकांस कळलें त्यांचें काम इस्पितळाच्या फाटकापाशीं संपूं शकत नव्हतें.

ह्याच वेलोरांत देणारा व घेणारा एकाच देहांत एकत्र आल्याचेंहि उदाहरण घडलें. केरळांतून आलेल्या डॉ. मेरी व्हर्गीज ह्या तेथील तरुण डॉक्टर. १९५४ च्या जानेवारींत सहलीस जातांना मोटार उलटली. पाठीच्या कण्यास इजा होऊन त्यांचें कमरेखालचें अंग कायमचें लुळें पडलें. वय अवघें अठ्ठावीस. पुढें काय, ह्या प्रश्नास त्या काळच्या आपल्या देशांत खाट हेंच एक उत्तर होतें. ब्रँड ह्यांनीं सुचविलें कीं, हातावरील शस्त्रक्रिया बसून करतां येते. मेरीबाई चाकांच्या खुर्चींतून शस्त्रक्रियागृहांत जाऊं लागल्या आणि कुष्ठरोग्यांचे हात सुधारूं लागल्या. स्वतः पाय गमावलेली डॉक्टरीण आपल्या हातावर काम करते आहे, हें पाहून त्या रोग्यांस काय धीर आला असेल तो शब्दांनीं देतां येण्याजोगा नव्हता. कालांतरानें बाई ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें गेल्या. तेथें त्या डॉक्टर म्हणून नव्हे तर रोगी म्हणून राहिल्या, आणि लुळ्या पायांनिशीं आपलें आपण कसें जगावें तें शिकल्या. मग न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क ह्यांच्या संस्थेंत त्यांनीं हीच विद्या आतां डॉक्टरच्या बाजूनें अभ्यासिली. १९६३ सालीं त्या वेलोरच्या पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ सालीं तेथें रोग्यांस ठेवून घेऊन उपचार करणारी पुनर्वसन संस्था सुरू झाली. अशा प्रकारची ही देशांतील पहिली संस्था. १९७२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १९८६ सालीं त्या वारल्या.

त्यांचे पाय बरे झाले नाहींत, ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेविली पाहिजे. व्यायामोपचाराची स्तुति करणारे पुष्कळदां कुबड्या फेंकून धांवूं लागलेल्या रोग्याचेंच चित्र काढतात. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. तुटलेला मज्जारज्जु व्यायामानें सांधत नाहीं. पक्षाघातानें लुळा पडलेला हात पहिल्या कांहीं महिन्यांत जितका सुधारतो, तितका पुढें झपाट्यानें सुधारेलच असें नाहीं. अशा वेळीं उपचारकाचें यश कोठें असतें? खाटेवर पडून राहिलेला मनुष्य आधार देऊन बसता होतो. बसलेला खाटेवरून खुर्चींत आपला आपण सरकतो. आंघोळीस दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. परक्यास ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतील. ज्याला रात्रीं कूस बदलण्यासाठीं मुलास हांक मारावी लागते, त्याला विचारावें. ज्या तरुणांस मोठें यशच पाहिजे, आणि तें लवकर पाहिजे, त्यांनीं ह्या वाटेस जाऊं नये. त्यांची निराशा होईल. अंशांनीं मोजलेल्या प्रगतींत ज्याला गोडी वाटते, त्याला मात्र येथें रोज कांहींना कांहीं मिळत राहतें.

कधीं कधीं मिळतें तें अपेक्षेबाहेरचेंहि असतें. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यांतले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालचें अंग अधू झालें. बरें होण्यासाठीं पोहणें हा त्यांच्या उपचारांचाच एक भाग होता. तोच उपचार पुढें त्यांचा खेळ झाला, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडासामन्यांत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. व्यक्तिशः असें पदक मिळविणारे ते पहिले भारतीय. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आमच्या मुलांनीं त्यांच्यावरील चित्रपट पाहिला आहे. पण पाण्यांत त्यांस प्रथम उतरविणारा कोण, हें विचारणारा मुलगा मला अद्यापि भेटावयाचा आहे.

महाराष्ट्रांत ह्या शिक्षणाची सुरुवात १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांत झाली. पोलिओनें अधू झालेल्या मुलांचा प्रश्न तेव्हां डोळ्यांपुढें होता. २०१४ सालीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. मुलांचे ते लुळे पाय आतां शाळेंत दिसत नाहींत ही ईश्वराची कृपा व लस देणाऱ्यांची मेहनत. परंतु व्यायामोपचारकाच्या दारावरील रांग आंखूड झालेली नाहीं. मोटारसायकलचे अपघात, पक्षाघात, झिजलेले गुडघे, अपुऱ्या दिवसांचीं बालकें, दिवसभर वांकून बसणाऱ्यांच्या माना, अशी ती रोज वाढतेच आहे. २०२१ सालीं संसदेनें कायदा करून ह्या व इतर संलग्न आरोग्यव्यवसायांचें शिक्षण व नोंदणी ह्यांस राष्ट्रीय पातळीवर बैठक दिली आहे. सुरुवातीची मिळकत डॉक्टराइतकी नसते हें मी लपवीत नाहीं. कष्टहि अंगमेहनतीचे आहेत. दिवसभर उभें राहावें लागतें, आणि आपल्याहून जड माणसास तोलावें लागतें.

पालकांस मला आणखी एक सांगावयाचें आहे, आणि तें मुलांच्या प्रवेशाविषयीं नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं अंगाची एक बाजू लुळी पडलेले वडील किंवा गुडघा बदललेल्या आई असतील. दोनतीन आठवडे उपचारक येतो, दुखणें थोडें कमी होतें, आणि मग आतां बरें आहे, विश्रांति घेऊं द्या, असें म्हणून आपण त्याला बंद करतों. विश्रांति हा शब्द आपल्याकडे फार मायाळू समजला जातो. पण पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीचें मांस किती लवकर उतरतें, तें एकदां डोळे उघडून पाहावें. वडिलांस पाणी हातांत आणून देण्यापेक्षां पेला चार हातांवर ठेवून, त्यांचा हात धरून, त्यांस तेथपर्यंत चालविणें ह्यांत अधिक वेळ जातो, आणि वडील रागावतातहि. हें काम घरांतील दहा-बारा वर्षांचीं मुलें फार चांगलें करतात, असा माझा अनुभव आहे. नातवंडावर आजोबा फार वेळ रागावूं शकत नाहींत.

त्या दिवशीं मीं मुलीच्या वडिलांस ह्यांतलें फारसें कांहीं सांगूं शकलों नाहीं. मीं फक्त उजव्या हाताची बाही वर केली आणि कोपर मिटून उघडून दाखविलें. ते बराच वेळ पाहत होते. मग त्यांनीं विचारलें, “ह्याला किती दिवस लागले, सर?” मीं सांगितलें, “पांच महिने.” “आणि त्या बाई रोज येत होत्या?” “मी जात होतों,” मीं म्हटलें, “पण त्या रोज तेथें होत्या.” गार झालेला चहा त्यांनीं एका घोटांत संपविला आणि मुलीस म्हणाले, “तो अर्ज दाखव पाहूं.” तिनें तो पिशवींतच आणलेला होता. सही कोठें करावयाची तें त्यांस सांपडेना. तिनें बोट ठेवून दाखविलें.